आधी कान, मग बोलणे, मग अक्षर: लहान मुलांच्या भाषा-साक्षरतेसाठी वाचा-उपचाराच्या वाटेने जाणारे मार्गदर्शन

मूल बालवाडीत जाऊ लागले की थोड्याच दिवसांत घरातून विचारणा सुरू होते: अक्षरे ओळखायला लागले का, पाटीवर ‘अ’ काढते का? वाचा-उपचारतज्ज्ञाकडे, म्हणजे ज्यांना आपण सर्रास स्पीच थेरपिस्ट म्हणतो त्यांच्याकडे, गेलात तर पहिला प्रश्न मात्र अक्षरांचा नसतो. काल मामाकडे काय काय झाले हे मूल आपल्या शब्दांत सांगते का, सांगितलेले ऐकून समजते का, आणि मुळात त्याला नीट ऐकू येते का, हे ते विचारतात. वाचन म्हणजे बोलीभाषेला दिलेले लेखी रूप. ज्या मुलाच्या तोंडी भाषा तोकडी असते त्याने ‘क-म-ळ’ असे अक्षर लावून वाचले तरी हाती अर्थ लागत नाही. म्हणून या लेखातील पायऱ्या कानापासून सुरू होतात आणि पाटीपर्यंत बऱ्याच उशिरा पोचतात. ही उशिराची वाट मला तरी अधिक खात्रीची वाटते.

पहिली पायरी: श्रवणाची तपासणी

बोलण्याविषयी कोणतीही शंका आली की सर्वांत आधी ऐकणे तपासावे. ‘हाक मारली की वळतो, दार वाजले की दचकतो, म्हणजे ऐकू येते’ हा घरगुती निष्कर्ष फसवा असतो. ज्या मुलाला काही पट्ट्यांतलेच आवाज ऐकू येतात, ते दाराचा आवाज टिपते. पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे हलके ध्वनी त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. शिवाय वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साचते. त्यामुळे ऐकणे कधी बरे, कधी कमी असे होत राहते आणि घरच्यांना वाटते की मूल मुद्दाम दुर्लक्ष करते आहे.

नवजात बाळाची तपासणी ओएई या, आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे पाहणाऱ्या, चाचणीने होते. बाळ झोपेत असताना कानात छोटे टोक बसवून काही मिनिटांत ती पूर्ण होते. तिच्यात शंका राहिली, किंवा बाळ अतिदक्षता विभागात राहिलेले असेल, तर बेरा ही, आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी, चाचणी करतात. जगभर यासाठी एक सोपे वेळापत्रक पाळले जाते: पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. हे वेळापत्रक हुकले असले तरी तपासणी कोणत्याही वयात करता येते. तीन-चार वर्षांच्या मुलाची चाचणी तर खेळाच्या रूपात होते: आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा.

येथेच एक घरगुती उपाय बाजूला ठेवावा लागतो. बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून वेखंड मधात उगाळून जिभेवर लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्याने वाचा सुटत नाही. उलट एक वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे असते, कारण त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ‘जीभ जड आहे’ हे निदानही बहुतेक वेळा चुकीचे ठरते. जिभेखालचा पडदा आखूड असला तर दूध ओढताना अडचण येऊ शकते, क्वचित एखादा उच्चारही अडतो. पण शब्दच न येण्याचे कारण तेथे नसते.

दुसरी पायरी: मूल कोठे आहे याची नोंद

साधारणपणे वर्षाच्या आगेमागे पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि त्याच सुमारास मूल बोटाने दाखवू लागते. हे बोट दाखवणे शब्दाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण ‘मी पाहतो ते तूही पाहा’ अशी देवाणघेवाण त्यात सुरू झालेली असते. दोन वर्षांपर्यंत सुमारे 50 शब्द आणि ‘बाबा गेले’, ‘अजून दूध’ अशा दोन शब्दांच्या जोड्या अपेक्षित असतात. तीन वर्षांचे मूल छोटी वाक्ये बोलते आणि त्याचे बरेचसे बोलणे परक्या माणसालाही कळते. चार वर्षांचे मूल घडलेली गोष्ट, थोडी विस्कळीत का होईना, सांगू शकते.

घरी एक वही करावी आणि आठवडाभर मुलाच्या तोंडून आपणहून आलेला प्रत्येक शब्द जसा उच्चारला तसाच लिहून ठेवावा. पढवलेले किंवा मागे म्हणायला लावलेले शब्द त्यात धरू नयेत. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, किंवा आई मराठी आणि वडील गुजराती असतील, तर सर्व भाषांतले शब्द एकत्र मोजावेत. दोन भाषांमुळे मूल मागे पडते हा समज खरा नाही. ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण पालकांच्या सहज भाषेतून मिळणारी समृद्धी मोडक्या परभाषेतून मिळत नाही. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनाही हेच लागू आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहू नये: आधी येत असलेले शब्द नाहीसे होणे, वर्ष उलटूनही नावाला प्रतिसाद न देणे किंवा बोट न दाखवणे, दीड वर्षापर्यंत एकही शब्द न येणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द न जोडणे. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचे बाबाही चार वर्षांनी बोलले’ असे सांगणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांतली काही उदाहरणे खरीही असतात. पण कोणते मूल आपोआप वेग पकडेल आणि कोणते नाही हे घरबसल्या ओळखता येत नाही.

तिसरी पायरी: घरातले बोलणे बदलणे

उपचाराचा खरा गाभा हा आहे, आणि पालकांना सर्वांत कमी ‘उपचारासारखा’ वाटणारा भागही हाच. तज्ज्ञाकडचे सत्र आठवड्यातून एक-दोनदा, अर्ध्या-पाऊण तासाचे असते. उरलेला सारा वेळ मूल घरीच असते. म्हणून चांगला तज्ज्ञ मुलापेक्षाही पालकांना अधिक शिकवतो.

बहुतेक घरांत मुलाशी होणारे बोलणे दोनच प्रकारचे असते: आज्ञा आणि परीक्षा. ‘बूट घाल’, ‘खाली उतर’ या आज्ञा; आणि पाहुणे आले की ‘हा रंग कोणता? मनीमाऊ कशी ओरडते? काकूंना सांग!’ ही परीक्षा. उत्तर येत असणारे मूलही अशा वेळी गप्प होते. त्याऐवजी एका प्रश्नामागे तीन-चार वेळा आपण काहीतरी सांगायचे, एवढा साधा नियम पाळून पाहावा.

मटार सोलण्याचे उदाहरण घेऊ. आजी ताटात शेंगा घेऊन बसली आहे आणि अडीच वर्षांची नात समोर आहे. नात एक शेंग पुढे करून म्हणते, “हे उघल.” येथे “उघल नाही, उघड म्हण” असे सांगून तिला थांबवू नये. आजीने म्हणावे, “उघडू? शेंग उघडू?” आणि मग मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहावे. हे गप्प राहणे फार अवघड जाते. पण मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच. नात मान हलवते, किंवा “उघल शेंग” म्हणते. “उघडली! बघ, आत दाणे. हा टपोरा, हा बारका.” पुढची शेंग रिकामी निघते. “अरेच्चा, यात काहीच नाही. पोचट शेंग!” दहा मिनिटांत शेंग, दाणा, टरफल, टपोरा, बारका, रिकामी, भरलेली, आत, बाहेर, सोलणे इतके शब्द हाताला लागलेल्या वस्तूंसकट कानावर पडतात. रंग, प्राणी आणि फळे यांच्या तक्त्यांत क्रियापदे आणि विशेषणे जवळजवळ नसतातच. ती अशा कामांतून येतात.

यात वापरलेली तंत्रे तीन आहेत. मूल ज्यात रमले आहे त्यावरच बोलणे हे पहिले. मूल बोलले त्यात एक-दोन शब्दांची भर घालून ते परत देणे हे दुसरे: मूल म्हणाले “पाणी सांडलं”, तर आपण म्हणायचे, “हो, पाणी सांडलं, फरशी ओली झाली.” तिसरे तंत्र म्हणजे चूक न दाखवता बरोबर रूप कानावर घालणे. मूल “मी करलं” किंवा “घोडाला गवत दे” म्हणते तेव्हा ते नियम लावत असते. ‘धरलं’वरून ‘करलं’ आणि ‘मामाला’वरून ‘घोडाला’ ही त्याची मेहनत आहे. “हो, तू केलंस! घोड्याला गवत देऊया” एवढे उत्तर पुरते. “केलं म्हण, केलं” असा घोष लावला तर मूल व्याकरणापेक्षा गप्प राहणे लवकर शिकते.

मोबाइल-टीव्हीच्या पडद्याविषयी थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक वर्षाखालील बाळांना पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त नको. जेवताना मोबाइल लावण्याचे खरे नुकसान हे की त्या अर्ध्या तासात होऊ शकणारे बोलणे बुडते.

चौथी पायरी: चित्रांचे पुस्तक मुलाच्या हाती

गोष्ट वाचून दाखवणे चांगलेच. पण मुलाला गोष्ट सांगायला लावणे त्याहून फलदायी असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक घेतले होते. काही पालकांना वाचताना खुले प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवले, तर इतरांनी नेहमीसारखे वाचन चालू ठेवले. महिन्याभराने पहिल्या गटातील मुले भाषेत स्पष्टपणे पुढे गेलेली दिसली.

घरी हे असे करावे. पहिल्या दिवशी पुस्तक सरळ वाचून दाखवावे. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वाक्याचा शेवटचा शब्द सोडून थांबावे आणि तो मुलाला पुरा करू द्यावा. नंतरच्या दिवसांत ‘हा का रडतोय?’, ‘आता काय होईल?’ असे प्रश्न यावेत, आणि मग ‘तू पण जत्रेत हरवला होतास ना?’ असा गोष्टीचा धागा मुलाच्या आयुष्याशी जोडावा. पुस्तक तेच राहू द्यावे. दर वेळी नवे आणण्याचा सोस नको. ओळीखालून बोट फिरवत वाचले की मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, शब्दांमध्ये जागा असते, हे वेगळे शिकवावे लागत नाही. घरात पुस्तके नसली तरी चालते: किराणा दुकानाची पाटी, एसटीचा फलक, बिस्किटाचा पुडा आणि लग्नपत्रिका हे सारे वाचण्याजोगेच असते.

पाचवी पायरी: उच्चार, आणि बोलीचा मान

प, ब, म, त, द, न हे ध्वनी लवकर येतात. क, ग साधारण त्यामागून. र, श, ळ, महाप्राण (ख, घ, भ यांसारखे) ध्वनी आणि जोडाक्षरे सर्वांत उशिरा, काहींना पाच-सहा वर्षांपर्यंत. तीन वर्षांच्या मुलाने ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘रामा’ला ‘लामा’ म्हणणे काळजीचे नाही. चार वर्षांनंतरही ‘क’च्या जागी ‘त’ येत असेल, किंवा घराबाहेरच्या कोणालाच बोलणे कळत नसेल, तर तज्ज्ञाकडे जावे.

अशा मुलासाठी एक खेळ फार उपयोगी पडतो. एका चिठ्ठीवर कारचे चित्र आणि दुसरीवर तारेचे चित्र काढावे आणि मुलाने मागावे ते त्याला द्यावे. ते कारला ‘तार’ म्हणाले की त्याच्या हाती तार येते. मूल चमकते, कारण आपल्या उच्चाराने अर्थ बदलला हे त्याला प्रथमच जाणवते. ‘क’ जिभेच्या मागच्या भागातून निघतो हे आरशासमोर किंवा गुळण्या करताना घशाशी होणाऱ्या हालचालीवरून दाखवता येते. सत्तर वेळा ‘क क क’ म्हणवून घेण्यापेक्षा हा खेळ सरस.

मात्र बोली आणि वाचादोष यांत गल्लत होता कामा नये. वऱ्हाडातले मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते, महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ‘पाणी’ ‘पानी’ असते आणि ‘शाळा’ ‘साळा’ असते. हे त्या घराचे शुद्ध बोलणे आहे. तपासणी घरातल्या मोठ्यांच्या बोलण्याशी ताडून व्हायला हवी. पुस्तकी रूप मूल शाळेत जोडीला शिकते. वर्गात त्याच्या बोलीला हसणारे शिक्षक मात्र त्याचे बोलणेच बंद पाडतात, आणि ही तक्रार मी अनेक पालकांकडून ऐकली आहे.

अडखळण्याबद्दलही येथेच सांगतो. अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान अनेक मुले ‘मी-मी-मी’ असे अडखळतात आणि त्यांतली बहुसंख्य मुले आपोआप सुधारतात. ‘नीट बोल’, ‘श्वास घेऊन बोल’ असे सांगू नये. आपणच संथ बोलावे आणि वाक्य पुरे होऊ द्यावे. हे सहा महिन्यांहून अधिक चालले, चेहऱ्यावर ताण दिसू लागला, आवाजच अडकू लागला किंवा घरात तोतरेपणाचा इतिहास असेल, तर मात्र तपासणी करावी.

सहावी पायरी: कानाने अक्षर ओळखणे

अक्षर डोळ्यांना दिसण्याआधी कानाला सापडावे लागते. शब्दाचे तुकडे करता येणे, यमक ओळखणे, पहिला ध्वनी सांगता येणे या गोष्टी वाचनाचा पाया घालतात आणि त्या सगळ्या पाटी-पेन्सिलीविना होतात.

टाळ्यांचा खेळ सर्वांना माहीत आहे, पण मराठीत त्यात एक खाच आहे. ‘बटाटा’, ‘आजोबा’, ‘मामा’, ‘पाटी’ या शब्दांत जितकी अक्षरे लिहितो तितक्याच टाळ्या पडतात. ‘कमळ’ हा शब्द मात्र लिहिताना तीन अक्षरांचा आणि बोलताना दोनच ठोक्यांचा: क-मळ. ‘घर’ एकाच ठोक्यात संपतो. ‘चिमणी’ आपण ‘चिम-णी’ अशीच म्हणतो. मुलाने ‘कमळ’ला दोन टाळ्या दिल्या तर त्याचा कान अगदी बरोबर आहे; तीन टाळ्यांचा आग्रह धरणारा मोठा माणूस लिपीकडे पाहून बोलत असतो. म्हणून सुरुवात पहिल्या प्रकारच्या शब्दांनी करावी. दुसऱ्या प्रकारचे शब्द अक्षरओळख झाल्यावर घ्यावेत आणि तेव्हा स्पष्ट सांगावे की येथे लिहिताना एक अक्षर जास्त दिसते.

भेंड्यांचा खेळ तर आयताच हाताशी आहे. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सांगायचा: मामा, माकड, डबा, बादली. शब्दाचे टोक तोडून हातात घेण्याचा हा उत्तम सराव आहे. ‘ळ’वर खेळ अडतो आणि ‘ळ’ने सुरू होणारा शब्दच नाही, हे मुलांना शोधून काढू द्यावे, त्यात त्यांना फार मजा येते.

सातवी पायरी: अक्षरे, कोणत्या क्रमाने

‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत वर्णमालेच्या क्रमाने शिकवल्यास मूल पुष्कळ दिवस अक्षरे गिरवते, पण एकही शब्द वाचत नाही. ‘गमभन’ हा आपल्याकडचा जुना क्रम वळणाच्या सारखेपणावर उभा आहे आणि हात वळवायला तो सोयीचाही आहे. वाचनासाठी मात्र ‘म’ आणि ‘भ’ एकापाठोपाठ आणू नयेत. ‘घ’–‘ध’ आणि ‘ब’–‘व’ या जोड्यांतही पहिले पक्के झाल्यावरच दुसरे घ्यावे.

म, क, ल, र ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्यावर मका, काका, मामा, लाल, काल, राम, कार असे शब्द पहिल्या आठवड्यांतच वाचता येतात. बाराखडी पाठ म्हणणाऱ्या अनेक मुलांना ‘का’मधला काना आणि ‘मा’मधला काना एकच आहे हे उमगलेले नसते. म्हणून एकाच अक्षराला सर्व चिन्हे लावण्याआधी एकच चिन्ह अनेक अक्षरांना लावून पाहावे.

पुढे अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण लिहिताना त्याच्या डावीकडे बसते. ‘सूर्य’मधला र ऐकू येतो ‘य’च्या आधी आणि दिसतो ‘य’च्या डोक्यावर. ‘च’ हे अक्षर ‘चाक’मध्ये एक बोलते आणि ‘चेंडू’मध्ये दुसरेच. या जागी मूल अडखळले तर गोंधळ लिपीतच आहे हे लक्षात घ्यावे आणि नियम सांगून टाकावा. जोडाक्षरांसह सर्व अक्षरचिन्हे पक्की व्हायला प्राथमिक शाळेची काही वर्षे जातात, त्यामुळे पहिलीतल्या चुकांवरून वाचन-अक्षमतेचा शिक्का मारू नये. तशी औपचारिक चाचणी साधारण तिसरीच्या, म्हणजे आठ वर्षांच्या, सुमारास होते. मात्र ज्या मुलाला लहानपणी भाषेची अडचण होती त्याच्या वाचनाकडे पहिलीपासूनच लक्ष असावे, कारण त्याला वाचनात अडचण येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आठवी पायरी: तज्ज्ञ निवडणे आणि त्यांच्याबरोबर काम करणे

वाचा-उपचार करणाऱ्या व्यक्तीची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. 1992 च्या कायद्याने ही व्यवस्था घातली आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. मुंबईत वांद्रे येथे 1983 मध्ये स्थापन झालेले अली यावर जंग राष्ट्रीय संस्थान आहे, नायर रुग्णालयात वाचा आणि श्रवण विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठात या विषयाचे महाविद्यालय आहे. गावाकडच्या पालकांसाठी 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येऊन तपासणी करते आणि गरज असल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. ही सेवा मोफत आहे, म्हणून पथक केव्हा येणार हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवावे.

पहिल्या भेटीला शब्दांची वही, श्रवण-चाचणीचा अहवाल, जन्माच्या वेळचे कागद आणि मूल घरी खेळताना बोलत असल्याचा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ न्यावा. परक्या खोलीत बरीच मुले तोंडच उघडत नाहीत. अशा वेळी हा व्हिडिओच तज्ज्ञाला खरे चित्र दाखवतो. पुढील तीन महिन्यांचे लक्ष्य काय, ते कसे मोजणार आणि घरी रोज काय करायचे, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. ‘बोलणे सुधारेल’ हे लक्ष्य झाले नाही. ‘दोन शब्द जोडून वस्तू मागेल’ हे झाले. सत्राच्या वेळी पालकांना दाराबाहेर बसवत असतील तर आत बसू देण्याची विनंती करावी, आणि नकारच येत असेल तर दुसरा तज्ज्ञ पाहावा.

मूल पहिलीत जाताना तज्ज्ञाकडून एक पानभर टिपण लिहून घ्यावे. मुलाची घरची बोली कोणती, कोणते ध्वनी अजून येत नाहीत, सूचना एका वेळी एकच दिल्यास कळते की दोन, फळ्याजवळ बसवण्याची गरज आहे का, आणि उत्तरासाठी त्याला किती वेळ द्यावा, एवढे त्यात असावे. ते वर्गशिक्षकांना शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्यक्ष भेटून द्यावे, कारण पटसंख्येच्या गर्दीत एखादे मूल गप्प आहे हे लक्षात यायला बरेचदा दिवाळीची सुट्टी उजाडते.